काळी तार आणि चाळीस किलो मिरच्या

शनिवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी ब जिन्यातल्या चौदाच्या चौदा संगणकांचं जाळं एका झटक्यात मेलं. ते मेलं हे कुणाला कळवावं लागलं नाही. आठव्या मजल्यापासून पहिल्या मजल्यापर्यंत खिडक्या धडाधड उघडल्या आणि सगळ्यांनी मिळून एकच हाक मारली.

"वेलिकाऽऽ!"

चौथ्या मजल्यावर वेलिका मिनेवा स्वतःच्या संगणकासमोर बसली होती आणि तिच्या हातात बेलोत या पत्त्यांच्या खेळातला असा डाव होता की असा डाव वर्षातून एकदा येतो. चार हुकूम, वर एक्का. पडदा गोठला. तिने डोळे मिटले, संगणक बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांना एक शिवी हासडली आणि मगच खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"ऐकलं! बहिरी नाहीये मी!"

"माझे तीन गुलाम होते गं!" वरून सहाव्या मजल्यावरचा इस्क्रेन ओरडला. हा बस चालवायचा, आणि शनिवारची सुट्टी तो फक्त पत्त्यांसाठी घ्यायचा.

"तीन गुलाम? खोटारड्या, दोन तर माझ्याकडे होते!" खालून पहिल्या मजल्यावरच्या किना आजीचा आवाज आला. आजीला एक्याऐंशीवं चालू होतं, दिसायचं कमी, पण पत्ते बरोबर दिसायचे.

आता हे जाळं कसलं, ते सांगितलं पाहिजे. तार एकच. बोटाएवढी जाड नाही, करंगळीहून बारीक, काळी, कोअॅक्सियल म्हणतात ती. आठव्या मजल्यावर दातांची डॉक्टर ओग्न्याना हिच्या घरातून ती निघायची, प्रत्येक घरात शिरून तिथल्या संगणकाच्या पाठीला इंग्रजी टीच्या आकाराच्या जोडाने शिवायची, पुन्हा बाल्कनीतून बाहेर पडून पुढच्या घरी जायची, आणि सगळ्यात शेवटी किना आजीच्या पलंगामागे संपायची. दोन्ही टोकांना एकेक छोटं धातूचं टोपण. मधे कुठे पेटी नाही, डबा नाही, विकत घ्यायचं काहीच नाही. कंजूषपणासाठी नावाजलेल्या गाब्रोवो गावच्या माणसाला याहून गोड गोष्ट कुणी सांगू शकत नाही. कडू गोष्ट एवढीच, की चौदांपैकी एकाच्या घरी तार दुखावली की चौदाही घरं आडवी.

हे जाळं विणलं वेलिकाने. सतरा वर्षं ती गावातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात कनेक्टर बनवायच्या खात्याची मुकादम होती. तिच्या हाताखालून गेलेला जोड मॉस्कोपासून हवानापर्यंत कुठे ना कुठे घट्ट बसलेला असेल. मग कारखाना बंद पडला. दुसऱ्या कारखान्यांनी शेवटचा पगार म्हणून मोजे दिले, पातेली दिली. वेलिकाला कनेक्टरांची दोन खोकी मिळाली. चार वर्षं ही खोकी स्वयंपाकघरात कपाटावर पडून होती, आणि त्या चार वर्षांत जेवायला काय आहे यापलीकडे वेलिकाला कुणी काही विचारलं नाही. नवरा ट्रकवर, महिन्यातून आठ दिवस घरी. भिंतीकडे बघत बसलं की भिंतसुद्धा कंटाळते. मग जिन्यात एक संगणक आला, दोन आले, पाच आले, आणि कुणीतरी म्हणालं, हे एकमेकांना जोडता येतात म्हणे. वेलिकाने खोकी खाली काढली. त्या दिवसापासून जिन्यात तिला मिस्त्रीण म्हणू लागले. पाळण्यातलं नाव नसलं तरी हे नाव तिला जास्त आवडायचं, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

आणि आज पाच वाजता हेच नाव जायची वेळ आली होती.

पाच वाजता तळमजल्यावर जिन्याची सभा होती. जिन्याचा सेक्रेटरी पाचव्या मजल्यावरचा कुंचो द्रागानोव. जन्मभर रेल्वेत तिकीट तपासनीस. निवृत्त झाला तरी माणसाकडे बघायची नजर तीच, याच्याकडे तिकीट नसणारच अशी. त्याने गावात आलेल्या नव्या कंपनीचं पत्रक आणलं होतं. कंपनी प्रत्येक घराला स्वतंत्र तार देणार, सगळ्या तारा तळघरातल्या एका पेटीत जाणार, आणि कुणाचं बिघडलं तर फक्त त्याचंच बिघडणार.

"एकाला शिंक आली की चौदा जणांना सर्दी," कुंचो गेला आठवडाभर पायऱ्यांवर गाठून प्रत्येकाला सांगत होता. "हे जाळं आहे की साथीचा रोग?"

वेलिका आणि कुंचोचं वाकडं पहिल्या वर्षापासूनचं. संगणक झोपायच्या खोलीत हवा म्हणून त्याने तिला न विचारता दोन मीटर टीव्हीची तार मधे जोडली होती. दिसायला तीही काळी, तीही गोल. तीन आठवडे जाळं तोतरं झालं होतं. "तार ती तार!" असं तो तेव्हा म्हणाला होता, आणि वेलिकाने भर जिन्यात सगळ्यांसमोर त्याला सांगितलं होतं, "ही पन्नास ओहमची, ती पंचाहत्तरची. तुमच्या रेल्वेत मीटरगेजवर ब्रॉडगेजचा डबा चालतो का हो?" लोक हसले होते. तिकीट तपासनिसाला सगळं चालतं, लोक हसलेले चालत नाहीत.

तर सभेच्या आत जाळं उभं करायला वेलिकाच्या हातात पावणेतीन तास होते. तिने पक्कड घेतली, मीटर घेतला, एप्रनच्या खिशात चार कनेक्टर टाकले आणि कामाला लागली.

बिघाड काय असणार, याबद्दल तिला शंका नव्हती. सप्टेंबर. सप्टेंबरात सगळं गाब्रोवो लांब लाल गोड्या मिरच्या भाजतं, सोलतं, ल्युतेनित्साच्या, म्हणजे मिरची-टोमॅटोच्या चटणीच्या, बरण्या भरतं. त्यासाठी घरोघरी विजेची भट्टी असते, उभ्या डब्यासारखी, एका वेळी एक मिरची आत. स्वयंपाकघरात लावली तर धूर होतो, म्हणून ती लागते बाल्कनीत. आणि बाल्कनीतून जाते काळी तार. गेल्या सप्टेंबरात दोनदा तार वितळली होती, आठ दिवस जाळं बंद होतं. तेव्हा वेलिकाने पत्रपेट्यांशेजारी स्वतःच्या हाताने नोटीस लावली. बाल्कनीत भट्टी लावायची नाही, भाजायचं तर अंगणात. ज्याच्या भट्टीने तार जळेल त्याचा संगणक ऑक्टोबरअखेरच्या सेंट दिमितरच्या सणापर्यंत जाळ्याबाहेर. खाली सही, वेलिका मिनेवा. जिन्याने एकमताने मान्यता दिली होती.

आधी तिने स्वतःच्याच घरी मोजलं. ती मधल्या मजल्यावर, शोध मधून सुरू करायचा असतो. खाली जाणारी तार सोडवली, मीटर लावला: पन्नास ओहम, टोकाच्या टोपणाचे. म्हणजे खालचं सगळं धड. वरून येणारी सोडवली: शून्य. आतली तार बाहेरच्या जाळीला कुठेतरी चिकटली होती.

"वर," वेलिका म्हणाली आणि तिला आनंद झाला. वर पाचवा मजला होता आणि पाचव्यावर कुंचो होता. पण मिस्त्रीण म्हणून तिची एक शिस्त होती. नावडत्या माणसावर आधी संशय घ्यायचा नाही. ती दोन मजले चढून सहाव्यावर गेली.

इस्क्रेनने दार उघडलं तेव्हा त्याच्या बोटांना लाल साल चिकटलेली होती.

"मिरच्या?" वेलिकाने विचारलं.

"छे! टोमॅटो."

"टोमॅटोला देठ केव्हापासून यायला लागला असला?"

"मावशी, एक घोट राकिया घे ना. मनुष्यानं उपाशीपोटी शोधू नये."

बाल्कनीत तिच्या काळ्या तारेवर मिरच्यांच्या तीन माळा, दोन बनियन आणि इस्क्रेनच्या बायकोचा झगा वाळत होता.

"ही तार आहे की कपड्यांची दोरी?"

"ताण बघ ना काय छान दिलायस तू. दुसरी कुठली दोरी एवढी सरळ राहत नाही."

स्तुतीचा मार्ग बरोबर होता. वेलिकाचा राग निम्मा उतरला. मीटर लावला. वरची तार पन्नास, खालची शून्य. म्हणजे बिघाड सहाव्याच्या खाली आणि चौथ्याच्या वर. तिथे दुसरं काय होतं? तिने राकियाचा, त्या फळांच्या दारूचा, घोट एका दमात घेतला, पेला उपडा ठेवला आणि वरात निघाल्यासारखी पायऱ्या उतरली.

कुंचोने दार उघडून आधी तिच्या पायांकडे बघितलं.

"चपला बाहेर."

"कामाला आलेय हो, कुंचोभाऊ, लग्नाला नाही."

"इथून गालिचा सुरू होतो."

त्याची बायको गिना मागून हळूच म्हणाली, "येऊ दे की तिला," आणि कॉफी ठेवायला आत गेली. वेलिकाने चपला काढल्या. संगणकाच्या मागे बसून मीटर लावला. वरून येणारी: पन्नास. खाली जाणारी: शून्य.

"काय म्हणतं यंत्र?" कुंचोने विचारलं.

"यंत्र म्हणतं, बिघाड तुमच्या संगणकापासून माझ्या संगणकापर्यंतच्या तारेत आहे. बाल्कनी उघडा."

"बाल्कनीत काय आहे? काही नाही बाल्कनीत."

"मग उघडायला काय हरकत?"

बाल्कनीत एक स्टूल होतं. त्यावर भरतकाम केलेलं कापड, कापडावर तुळशीसारख्या एका रानझुडपाची कुंडी, आणि कुंडीतलं झुडूप उन्हाळ्यात गाढवाने मान टाकावी तसं पडलेलं. वेलिकाने कापडाला हात लावला. कापड गरम होतं. तिने कोपरा उचलला. स्टूल नव्हतंच, भट्टी होती.

"हे काय?"

"कुंडी," कुंचो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

वेलिकाला त्या क्षणी आयुष्याकडून आणखी काहीही नको होतं. शत्रू गरम भट्टीपाशी उभा सापडला होता, सभेला दीड तास होता, आणि नोटिशीवर सही तिची होती. आता फक्त जळकी जागा दाखवायची राहिली होती. तिने दोन बोटांत तार धरली आणि खिडकीच्या चौकटीपासून सरकवत आणली. भट्टीपासून वीतभर अंतरावरून तार गेली होती. धड. कठड्यापर्यंत आणली. धड. कठड्यावरून खाली वळत होती तिथेही धडच. वेलिका कठड्यावर ओणवी झाली आणि तार कुठे जाते ते बघू लागली.

तार खाली तिच्या बाल्कनीत जात होती. तिथे कोपऱ्यात जुनं कपाट होतं, कपाटामागे तिची स्वतःची भट्टी होती, आणि भट्टीच्या अंगाला काळी तार अशी चिकटून बसली होती, जसा चीजचा तुकडा तव्यावर विरघळून बसावा.

तिचीच. पहाटेच बाजारातून चाळीस किलो मिरच्या आणल्या होत्या, अंगणात रांग होती, रांगेत तिच्या मिरच्यांवर पंधरा बायका मतं देणार होत्या. म्हणून तिने म्हटलं, मी काय कुणी ऐरीगैरी आहे? मला माहीत नाही का तार कुठून जाते? दोन वाजेपर्यंत निम्म्या भाजल्या. मग पत्त्यांची वेळ झाली, म्हणून भट्टी बंद केली आणि कुणाला दिसू नये म्हणून गरमच्या गरम कपाटामागे सारली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हा.

"सापडलं का?" मागून कुंचोने विचारलं. त्याचा आवाज जरा बसला होता.

वेलिका सरळ झाली. तिच्या कपाळावर घाम होता.

"सापडलं."

"कुठे?"

"पाच वाजता सांगेन. सगळ्यांसमोर."

वेलिका अनवाणीच घरी गेली. चपला नंतर गिनाने खाली आणून दिल्या.

घरी तिने दार लावलं आणि तारेचा जळका तुकडा कापून काढला. वीतभर. प्लास्टिकचा गोळा झाला होता, मधून तांबं डोकावत होतं, आणि त्याला भाजलेल्या मिरचीचा सुंदर वास येत होता. कचऱ्यात टाकला असता तर संपलं असतं. जोड ढिला होता, घट्ट केला, एवढं म्हणायचं. चौदांपैकी एकाला तरी जोडातलं काय कळतं? पण ज्या बाईने सतरा वर्षं नापास जोड वेगळ्या डब्यात टाकले होते तिला नापास तुकडा कचऱ्यात टाकवेना. आणि खरं सांगायचं तर सांगवेनाही. ती घड्याळाकडे बघत बसली. मिस्त्रीण नसलेली वेलिका म्हणजे पुन्हा ती भिंत, हे तिला स्वच्छ दिसलं. पाचला पाच मिनिटं कमी असताना तिने तुकडा एप्रनच्या खिशात टाकला. काय करायचं ते तोवर ठरलं नव्हतं, आणि तार तोडलेली ती तोडलेलीच होती.

तळमजल्यावर पत्रपेट्यांसमोर सगळा जिना जमला होता. किना आजी स्वतःची खुर्ची घेऊन आली होती. ओग्न्याना दवाखान्याचा पांढरा झगा घालूनच उतरली होती. नोटीस वेलिकाच्या डोक्याच्या बरोबर मागे होती.

"आधी हे सांग, काय झालं होतं?" इस्क्रेन म्हणाला. "माझे तीन गुलाम गेले त्याचं काय?"

वेलिकाने तुकडा काढून वर धरला. तो हातोहात फिरला. ज्याच्या हातात गेला त्याने आधी वास घेतला.

"मिरची," ओग्न्याना म्हणाली. "छान भाजलीय."

"कुणाची बाल्कनी?" तीन-चार जण एकदम म्हणाले.

वेलिकाला नुसता एक श्वास घ्यायला वेळ हवा होता. म्हणून ती म्हणाली, "ज्याची आहे, त्याला माहीत आहे."

शब्दन् शब्द खरा होता. पण खाई त्याला खवखवे. ज्याने त्याने आपापल्या चपलांकडे बघितलं. मग इस्क्रेनने घसा खाकरला.

"माझी असेल. टोमॅटो नव्हते ते."

"तुझी कशी असेल?" ओग्न्याना म्हणाली. "माझी आहे. मी रुग्णाच्या तोंडात कापूस घालून मधेच मिरची उलटायला जाते. आज उशीर झाला."

तिसऱ्या मजल्यावरचं जोडपं एकमेकांकडे बोट दाखवायला लागलं. "मी म्हटलं नव्हतं?" "तू म्हणालीस, पण भट्टी कुणी लावली?" सातव्यावरची शिक्षिका म्हणाली, तिने फक्त दोनच किलो भाजल्या. किना आजी म्हणाली, "माझीच लिहून घ्या. मी पलंगावर बसून भाजते. बाल्कनीपर्यंत कोण जाणार?" नोटिशीवर एकमताने हात वर करणारा सगळा जिना नोटिशीखाली उभा राहून आपापली भट्टी कबूल करत होता. वेलिका बघत राहिली. वर्षभर तिला वाटत होतं, आपण कायदा केलाय.

तेवढ्यात कुंचो पुढे आला. त्याच्या हातात कंपनीचं पत्रक होतं. तो रेल्वेच्या डब्यात उभा राहायचा तसा ताठ उभा राहिला.

"गप्प बसा सगळे. माझी आहे. हिने आज माझ्या बाल्कनीत येऊन बघितलंय. तीन शनिवार भाजतोय मी. भट्टीवर कापड घालतो, कापडावर कुंडी ठेवतो." त्याने पत्रक वर धरलं. "ज्याने तार जाळली त्याने तारेबद्दल बोलू नये. पत्रक मागे घेतो. सेक्रेटरीपणही द्या कुणाला द्यायचं ते."

मग इस्क्रेन म्हणाला, "तिकीट तपासनीसच विनातिकीट!" आणि जिना फुटला. लोक भिंतीला धरून हसले. किना आजी तर कुंडी, कुंडी असं म्हणत खुर्चीतच डोलायला लागली. गिना मान खाली घालून फरशीकडे बघत होती. कुंचो हसला नाही, हलला नाही, फक्त हातातलं पत्रक घडी घालत राहिला. चार घड्या झाल्या, पाच झाल्या, सहावी घालता येईना तरी घालत राहिला.

वेलिकाला आता काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प राहायचं. कंपनी गेली होती, कुंचो गेला होता, मिस्त्रीण राहिली होती. तीन वर्षं जे भांडून मिळालं नाही ते तोंड मिटून मिळत होतं. तिने तोंड मिटलं. लोक हसत होते. तिने कुंचोच्या बोटांकडे बघितलं आणि तिला स्वतःची इतकी लाज वाटली की डोळ्यांत पाणी आलं.

"त्यांची नाहीये," ती म्हणाली.

कुणाला ऐकू गेलं नाही. मग ती खिडकीतून हाक मारतात तशी ओरडली. "त्यांची तार धड आहे! कुणाचीच जळलेली नाही! माझी जळलीय! माझ्या बाल्कनीत, माझ्या भट्टीने! कपाटामागे लपवली होती मी!"

हसणं तुटलं. सगळे तिच्याकडे, मग तिच्या डोक्यामागच्या नोटिशीकडे, मग पुन्हा तिच्याकडे बघायला लागले.

पहिला बोलला तो कुंचो.

"म्हणजे माझी नाही?"

"नाही."

"मग मी हे... कुंडीचं... सगळ्यांसमोर..." त्याचा चेहरा पांढऱ्यावरून जांभळ्यावर गेला. "अगं बाई, दीड तास माझ्या छातीत धडधडतंय! गिनाने औषधाचे थेंब दिले मला! तुला आधी सांगता येत नव्हतं?"

"सांगवलं नाही हो."

"सांगवलं नाही म्हणे! नोटीस वाच. मोठ्याने वाच!"

वेलिकाने वळून स्वतःच्या हस्ताक्षरातली नोटीस वाचली. सेंट दिमितरच्या सणापर्यंत जाळ्याबाहेर, इथे आवाज जरा कापला, पण सहीसकट वाचली. शिक्षेविरुद्ध कुणी हात वर केला नाही. आपली भट्टी वाचली या आनंदात जिना होता; कुणी कुणाची कीव करायच्या मनःस्थितीत नव्हतं.

"आता कंपनी," सातव्यावरची शिक्षिका म्हणाली. "पत्रक पुन्हा पुढे घ्या की, कुंचोभाऊ. आता तर तुमच्याच बाजूने झालं."

कुंचोने घड्या उलगडल्या, पत्रकाकडे बघितलं, वेलिकाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"कंपनीची तार बिघडली तर मी कुणावर ओरडू?" तो म्हणाला. "फोन लावायचा, आणि कुणी पोरगी म्हणणार, कृपया थांबा. ही चौथ्यावर राहते. मी जमिनीवर पाय आपटला की ऐकते. उलट बोलते, पण येते. माझं मत हिला." मग घाईघाईने म्हणाला, "माफ केलंय असं समजू नका कुणी."

नऊ विरुद्ध पाच. शिक्षिकेने आणि तिसऱ्या मजल्याने शेवटपर्यंत कंपनीलाच मत दिलं, आणि ते त्यांनी नंतर कित्येक महिने ऐकवलं.

"पण जी जाळ्याबाहेर ती जाळं तपासणार कशी?" किना आजीने विचारलं.

"माझ्या घरी येऊन तपासेल," कुंचो म्हणाला. "चपला बाहेर काढून."

वेलिका घरी आली. तिने तारेची दोन्ही टोकं सोलली, मधली पिन बसवली, कनेक्टर चढवले, पकडीने दाबले. अशी टोकं तिने आयुष्यात लाख तरी केली असतील, पण ही तिने फार सावकाश केली. मग आपल्या संगणकाच्या पाठचा टी-जोड काढून टेबलावर ठेवला आणि वरची तार खालच्या तारेला एका सरळ जोडाने थेट जोडली. अर्धा फेरा, खट्. तार आता तिच्या घरातून जात होती, पण तिच्यासाठी थांबत नव्हती.

जाळं परत यायचं तेव्हा दरवेळी ती पडद्याकडे टक लावून बसलेली असायची, चौदा नावं एकेक करून उजळताना मोजत. आज पडद्यावर काहीच येणार नव्हतं, म्हणून ती नुसती बसली आणि ऐकू लागली.

"आलंऽऽ!" आठव्यावरून ओग्न्याना. मग इस्क्रेन. मग तिसऱ्या मजल्यावरचं भांडखोर जोडपं एका सुरात. भिंतींतून, जमिनीतून, उघड्या खिडक्यांतून आवाज येत गेले. खालून किना आजीचा चिरका, आणि सगळ्यात शेवटी बरोबर डोक्यावर पाय आपटल्याचा धप्प असा आवाज आणि कुंचोचं जड, नाखूश "आलं!" तीन वर्षांत हे आवाज तिने कधी ऐकलेच नव्हते. ती बोटांवर मोजत होती. तेरा झाले. चौदावं माणूस आपण, हे लक्षात यायला तिला क्षणभर वेळ लागला.

मग ती उठली, खिडकीत गेली, आणि एवढ्या मोठ्याने ओरडली की अंगणातल्या रांगेतल्या बायकांनी माना वर केल्या.

"आलंऽऽ!"